आमच्या ग्रुपमधलं बाहेर जात नाही

३ मार्च, सोमवार

लेकीनं दिलेली ही वही दोन वर्षं कपाटात पडून होती. आज काढली, कारण आज मी एक काम केलं आणि ते कुठंतरी लिहून ठेवावंसं वाटलं. घरात सांगायला गेले तर आमचे हे म्हणाले, "बरं, मग जेवायला वाढ." वही तसं म्हणणार नाही.

तर काम असं, की आमच्या लाँड्रीतल्या इस्त्री विभागाचा मी ग्रुप काढला. चौदा बायका आणि एक बॉयलरवाला. साधासुधा ग्रुप नाही. लेकीचं तासभर डोकं खाऊन शिकलेलं कुलूपवालं ॲप आहे. यात आपण लिहिलेलं ज्याला लिहिलं त्यालाच वाचता येतं, मधे कोणालाही नाही, ॲप बनवणाऱ्यांनासुद्धा नाही. वर मी फोनला अंगठ्याचं कुलूप लावलं, ॲपला वेगळं लावलं, आणि आठवडा झाला की निरोप आपोआप पुसले जातील अशी सोय केली. वय छप्पन्न, शिक्षण सातवी. मुद्दाम लिहून ठेवते.

घड्यांच्या टेबलावरची रेडिओ म्हणाली, "मावशी, मालकांनी वाचलं तर?" तिला आम्ही रेडिओ म्हणतो, कारण सकाळी सातला सुरू झाली की सुटी होईपर्यंत बंद होत नाही. मी सगळ्यांसमोर सांगितलं, "आमच्या ग्रुपमधलं बाहेर जात नाही. मी मुकादम आहे, जबाबदारी माझी."

ग्रुप लागला कशाला तेही लिहिते. आमच्याकडे तीन हॉस्पिटलांच्या चादरी येतात. धुतलेली ओली चादर रोलरमध्ये घालायची, पलीकडून इस्त्री होऊन बाहेर येते. रोलर म्हणजे पलंगाएवढे रुंद, तापलेले दोन लोखंडी नळे. त्यांच्यापुढे लाल दांडी असते. बोट दांडीला लागलं की मशीन जागच्या जागी थांबतं. पण चादरीचा दुमडलेला कोपरा लागला तरी थांबतं, आणि पुन्हा चालू व्हायला चार मिनिटं जातात. म्हणून आमच्याकडे फाटक्या चादरीच्या पट्टीनं दांडी वर बांधून ठेवतात. एकोणीस फेब्रुवारीला आमच्या विभागातल्या बारकीचा उजवा हात आत गेला. तळवा आणि तीन बोटं भाजली. दांडी बांधलेली होती.

थोरल्या मालकांनंतर आता कारभार धाकटे मालक बघतात. त्यांनी बारकीला कागद धाडलाय. 'माझ्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला' अशी सही कर, हलक्या कामावर परत घेऊ. एकतीस मार्चपर्यंत सही नाही केली तर कामावरून कमी. पोरगी चोवीस वर्षांची, घरात आई आणि ती. सही केली तर जन्मभर निष्काळजी, नाही केली तर घरी. म्हणून आम्ही सरकारी तपासणी खात्याकडे अर्ज करतोय, आणि म्हणून ग्रुप.

५ मार्च, बुधवार

अर्ज गेला.

आज ऑफिसातही माझा भाव वाढला. शिफ्टचा तक्ता मी आता फोनवर करते, पण तो छापायला ऑफिसात जावं लागतं. तिथं कॉम्प्युटर एकच. सकाळी चष्मेवाला कारकून बसतो, दुपारी धाकटे मालक. कारकून म्हणाला, "मावशी, दर वेळी मला पाठवत कशाला बसता? तुमचं ॲपच इथं उघडून देतो. तक्ता थेट इथून निघेल." त्यानं पडद्यावर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन आणला, मी त्याच्यासमोर फोन धरला, आणि टिंग! माझा तक्ता भल्या मोठ्या पडद्यावर. चष्म्याशिवाय वाचता आला.

छापून झाल्यावर मी त्याला बजावलं, "आता बंद कर बाबा, माझं खासगी असतं त्यात." त्यानं माझ्यादेखत कोपऱ्यातली फुली दाबली. मी उभी राहून बघितली. दुसरी कोणी असती तर तशीच उघडी टाकून आली असती.

८ मार्च, शनिवार

तपासणीवाल्या बाईंचा परवा मला फोन आला. म्हणाल्या, शनिवारी अकराला न सांगता येते, तुम्हीही कोणाला सांगू नका. मी कोणालाही सांगितलं नाही. फक्त ग्रुपवर टाकलं. ग्रुप म्हणजे काही बाहेरचं नव्हे.

आज सकाळी बघते तर दांडी सोडलेली, पुसून लख्ख. औषधांच्या पेटीत नवं मलम. सगळ्यांना कोरे हातमोजे. सव्वीस वर्षांत हातमोजे मी फक्त भिंतीवरच्या सूचनांच्या चित्रात पाहिले होते. दांडी सोडून काम करायचं तर चादरी निम्म्या होतात, पण मालक हसतमुखानं म्हणाले, "होऊ द्या निम्म्या, सुरक्षितता आधी."

बाई आल्या, सगळं बघितलं, सगळं ठीक असं लिहिलं. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मावशी, अर्जात तर वेगळंच होतं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या गाडीत बसून फाटकाबाहेर गेल्या, तासाभरात हातमोजे परत गोळा झाले.

ग्रुप बाहेरच्या कोणाला वाचता येत नाही, एवढं पक्कं आहे. म्हणजे आतलंच कोणीतरी फितूर आहे. माझ्या विभागात! माझ्या हाताखाली तयार झालेलं माणूस! डोकं नुसतं तापलंय.

१३ मार्च, गुरुवार

या ॲपमध्ये स्वतःलाच निरोप पाठवता येतो. मी त्याचा चिठ्ठीसारखा उपयोग करते. काल लिहिलं होतं, साबण, सुई, गुरुवारी चारला गुडघा दाखवणे. गुडघ्याचं घरी बोलले नव्हते, कारण ह्यांना कळलं की बरोबर येतात आणि डॉक्टरांशी वाद घालतात.

दुपारी धाकटे मालक स्वतः रोलरपाशी आले. "मावशी, तुम्ही आज तीनलाच निघा. चारला पोचायचं ना दवाखान्यात? गुडघ्याची हयगय करू नका."

मी बघतच राहिले. थोरल्या मालकांनी इतक्या वर्षांत मला कधी 'बसा' म्हटलं नव्हतं. धाकट्यांनी माझं चालणं बघून ओळखलं असणार. दवाखाना चारला उघडतो हे काय, कोणालाही ठाऊक असतं. माणूस कामाच्या बाबतीत हावरा आहे, पण नजर आहे त्याला. ह्याच्याविरुद्ध आपण अर्ज केला, असं वाटून जीव थोडा चुटपुटला.

डॉक्टर म्हणाले, उभं राहणं कमी करा. मी म्हटलं, बरं. दोघांनाही माहीत होतं की ते व्हायचं नाही.

१४ मार्च, शुक्रवार

आमचे हे एकतीस वर्षं बसमध्ये तिकीट चेकर होते. निवृत्त झाले, पण नजर अजून पाहुण्यांच्या खिशाकडे जाते. फितुराचं सांगितल्यावर चहा बाजूला ठेवला, पाठ ताठ केली. मला म्हणाले, "सगळ्यांना एकदम विचारलंस तर सगळेच साव. एकेकाला वेगळं गाठायचं."

ठरलं असं. तिघांना तपासणीच्या तीन खोट्या तारखा कळवायच्या, प्रत्येकाला ॲपवरून गुपचूप, एकट्यालाच. ज्या दिवशी दांडी सोडलेली दिसेल त्या दिवसाचा माणूस चोर. रेडिओला सोमवार, कारण तिच्या पोटात पाणीसुद्धा राहत नाही. बॉयलरवाल्याला बुधवार, कारण तो मालकांच्या ड्रायव्हरबरोबर विड्या ओढतो. आणि घुमीला शुक्रवार. घुमी रोलरच्या पलीकडे उभी असते, अकरा वर्षांत तिचे 'हो', 'नाही' आणि 'संपलं' एवढेच शब्द ऐकलेत. अशा माणसाचं मला काही कळत नाही, म्हणून ती.

तपासणीवाल्या बाई म्हणाल्यात की महिनाअखेरीस एकदाच येता येईल, त्यानंतर जमणार नाही. त्याआधी फितूर सापडायलाच हवा.

१७ मार्च, सोमवार

दांडी सोडलेली. हातमोजे. रेडिओ! मला वाटलंच होतं. हिला मी चादरीची घडी शिकवली.

१९ मार्च, बुधवार

आजही सोडलेली. म्हणजे बॉयलरवालासुद्धा. दोघं मिळून आहेत की काय?

२१ मार्च, शुक्रवार

घुमीसुद्धा. आज तर मालकांनी फरशीपण धुऊन घेतली. तीन जणांवर संशय घेतला आणि तिघंही फितूर निघाले. माझी माणसं ओळखण्याची नजर बघा.

ह्यांना सांगितलं. ह्यांनी बोटांवर तिघं मोजले. मग म्हणाले, "तिघंही? अगं, सगळीच बस विनातिकीट निघाली तर आम्ही प्रवाशांना नव्हतो पकडत. आधी कंडक्टरचं तिकिटांचं मशीन तपासायचो."

इथं माझा विभाग फुटलाय आणि ह्यांना बस आठवते. मी उठून आत आले.

२२ मार्च, शनिवार

डबे खाताना सगळ्यांसमोर तिघांना उभं केलं. तारखा सांगितल्या, पुरावा सांगितला. बॉयलरवाला म्हणाला, "मावशी, मी माझ्या बायकोलासुद्धा बोललो नाही." रेडिओ आधी भांडली, मग रडली. घुमीनं अर्धा डबा तसाच बंद केला आणि उठून गेली. जाताना फोन काढून माझ्यासमोर ग्रुप सोडला. बाकी दोघांना मी काढलं.

दुपारभर रेडिओ बंद होती. विभागात पहिल्यांदाच पंख्याचा आवाज ऐकू आला.

मी केलं ते बरोबरच केलं. डबा मात्र तसाच घरी परत आणला.

२३ मार्च, रविवार

आज काय झालं ते जसं झालं तसं लिहिते.

लेकीचा फोन आला. फितुरांचं सगळं सांगितलं, आणि माणसं अशी निघाली तरी मालक निदान माणुसकी ठेवून आहेत म्हणून गुडघ्याची गोष्टही सांगितली.

"दवाखान्याचं त्यांना कोणी सांगितलं?" लेकीनं विचारलं.

"कोणी नाही. त्यांना नजर आहे."

"आई, तू कुठं लिहिलं होतंस का?"

"माझं मलाच. ॲपमधल्या चिठ्ठीत."

लेकीनं तिकडं टीव्ही बंद केल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "सेटिंगमध्ये जा. 'जोडलेली उपकरणं' असं असेल. दाब तिथं."

दाबलं. एक ओळ आली. ऑफिसचा कॉम्प्युटर. खाली बारीक अक्षरांत, शेवटचा वापर, काल, दुपारी दोन चाळीस.

"पण मी त्याला फुली मारायला लावली होती! समोर उभी होते मी!"

"फुलीनं खिडकी मिटते गं आई. जोडणी तशीच राहते. तुझ्या फोनवर येणारं प्रत्येक अक्षर तिथं जातंय."

दुपारी दोन चाळीसला त्या खुर्चीत कोण बसतं ते मला कोणी सांगायला नको. पायाखालची जमीन सरकली म्हणतात, ती माझी खुर्चीसकट सरकली. तिघांपैकी कोणी नव्हतं. कोणीच नव्हतं. कुलूप कोणी फोडलं नाही, मीच नेऊन मालकांच्या टेबलावर किल्ली ठेवली आणि वर तक्ता छापून आणला.

हे शेजारी बसून ऐकत होते. हसले नाहीत. हसले असते तर मला भांडता तरी आलं असतं.

लेक म्हणाली, "काढून टाक, एका बोटाचं काम आहे." माझं बोट त्या ओळीवर होतं. काढलं की झालं. कोणाला कधी कळणार नाही. फितूर ते फितूर राहतील, मी मावशी राहीन. हा विचार माझ्या मनात आला आणि चांगला पाच मिनिटं बसून राहिला. शेवटी लेकीला म्हटलं, उद्या आधी सगळ्यांना सांगते, मग काढते.

आणि लिहायला बसलेच आहे तर दुसरंही. तीन तारखेला मी इथं लिहिलंय, 'दांडी बांधून ठेवतात.' कोण ठेवतं? मी ठेवते. मालक म्हणतात, "मावशी, आज हजारावर गेलं पाहिजे," आणि पट्टी मी बांधते. मी सगळ्यांच्या आधी येते. बायका येतात तेव्हा दांडी बांधलेलीच असते, दुरुस्तीवाला बांधतो अशी त्यांची समजूत आहे, आणि मी ती कधी मोडली नाही. एकोणीस फेब्रुवारीलाही मीच बांधली होती. स्वतःच्या वहीतसुद्धा मी ते लपवलं. लाज वाटते.

२४ मार्च, सोमवार

डब्यांच्या वेळी सांगितलं. फोन सगळ्यांचे खिशातच ठेवायला लावले, तोंडानं सांगितलं. फोन ऑफिसच्या कॉम्प्युटरला जोडल्यापासून गुडघ्यापर्यंत सगळं. तिघांची नावं घेऊन माफी मागितली. सव्वीस वर्षांत माफी मागितलेली आठवत नाही, त्यामुळे नीट जमली नाही.

रेडिओ उसळली. "शनिवारपासून माझी आई मला विचारतेय, तू असं केलंस काय, म्हणून! तुम्ही एकदा विचारायचं तरी होतं, मावशी!" बोलू दिलं. तिचं बरोबर होतं. बॉयलरवाला फक्त म्हणाला, "चला, सुटलो." मी फोन काढला आणि ती जोडणी काढायला निघाले.

"काढू नका."

सगळ्या वळून बघायला लागल्या. घुमी बोलली होती. "मालक वाचतात ना? मग वाचू देत. त्यांना आवडेल ते लिहा."

मला समजायला जरा वेळ लागला. रेडिओला लगेच समजलं. ती टाळी पिटून हसली आणि तिनं घुमीच्या डब्यात आपल्याकडचं सगळं ओतलं. तिघांना मी पुन्हा ग्रुपमध्ये घेतलं. अकरा वर्षं ही बाई माझ्यासमोर उभी आहे आणि डोक्यात हे सगळं घेऊन! अशी माणसं माझ्या विभागात आहेत. छाती भरून आली.

दांडीचं मात्र बोलले नाही. एका दिवसाला एक पुरे, असं स्वतःला समजावलं.

२६ मार्च, बुधवार

ग्रुपवर आमची रडारड चालू आहे. रेडिओ लिहिते, 'बाई आता जूनशिवाय येत नाहीत म्हणे, बारकीचं कसं होणार गं.' बॉयलरवाला लिहितो, 'मावशी, अर्ज मागे घेऊ, मालकांशी वैर नको.' घुमीनं एक रडका चेहरा टाकला, तिच्या मानानं ते भाषणच झालं. मीही माझ्या चिठ्ठीत लिहून ठेवलं, 'मालक देवमाणूस आहेत. अर्ज करून चूक झाली. गुडघा दुखतोय.'

आज मालकांनी सगळ्यांना चहा पाठवला. मला विचारलं, "गुडघा कसा आहे, मावशी?" आवाजात नुसती साखर. मी म्हटलं, "दुखतोय हो." रेडिओला ठसका लागला.

बाईंनी फोनवर सांगितलेली खरी तारीख ग्रुपवर नाही. शुक्रवार, साडेदहा. मोठ्या चादरीची घडी दोघींना मिळून घालावी लागते. दोन टोकं धरून दोघी एकमेकींकडे चालत येतात, कोपरे जुळतात, तोंडाशी तोंड येतं. तेवढ्यात एक वाक्य होतं. मग मागं सरायचं, पुन्हा घडी, पुन्हा एक वाक्य. एका शिफ्टमध्ये सगळ्यांना कळलं, बारकीला रेडिओनं घरी जाऊन सांगितलं. कुठं काही उमटलं नाही.

२८ मार्च, शुक्रवार

सकाळी मालक म्हणाले, "मावशी, आज हजारावर." मी पट्टी घेतली आणि दांडी बांधली. पण रोलरपुढे कोणाला उभं राहू दिलं नाही. बांधलेल्या दांडीपुढे आज मीच. तीन तास उभी होते. बोटं राखत एकेक चादर आत घातली. गुडघ्याचं काय झालं ते डॉक्टरांना सांगणार नाही.

साडेदहाला बाई थेट विभागात आल्या. मालक ऑफिसातून धावत आले, नजर सरळ बांधलेल्या दांडीवर. आणि लगेच सुरू, "बघा मॅडम, कितीदा सांगितलं ह्यांना! ह्या बायका आपल्या मनानं बांधतात. ती पोरगीपण तशीच निष्काळजी."

बाईंनी मशीन बंद करायला लावलं. इतकं शांत त्या खोलीत कधी होत नाही. "कोण बांधतं?" त्यांनी विचारलं.

"मी," मी म्हटलं. "आज मी बांधली. हजार चादरी हव्यात म्हणून मालक सांगतात आणि मी बांधते. बारकीचा हात गेला त्या दिवशीही मीच बांधली होती. बारकीची काही चूक नाही. लिहून घ्या, मी सही करते."

मालकांचं तोंड उघडंच राहिलं. "मावशी, तुम्ही? अहो, तुम्हीच तर लिहिलं होतंत ना, की अर्ज करून चूक झा..." आणि शब्द गिळला.

"कुठं लिहिलं होतं, मालक?" रेडिओनं विचारलं. अगदी साळसूदपणे.

मालक छताकडे बघायला लागले. बाईंनी तेही लिहून घेतलं. दांडी दुरुस्त होऊन पुन्हा बांधता येणार नाही अशी बसेपर्यंत मशीन बंद. अपघात दांडी बांधल्यामुळे झाला असा अहवाल. माझं म्हणणं मी माझ्या हातानं लिहिलं, चार ओळी लागल्या, अक्षर सुवाच्य आलं.

दुपारी कारकुनानं चिठ्ठी आणून दिली. सोमवारपासून मी मुकादम नाही, घड्यांच्या टेबलावर काम करायचं. बिचारा माझ्याकडे बघू शकत नव्हता. मी त्याला म्हटलं, "तुझी चूक नाही रे, फोन मीच धरला होता." मग त्याच्यासमोरच ती जोडणी काढून टाकली.

बायकांच्या तोंडाकडे मी दिवसभर बघितलं नाही. त्यांना आता कळलंय, पट्टी कोण बांधत होतं. घुमीनं सुटताना माझी पिशवी उचलली आणि फाटकापर्यंत आणून दिली.

३० मार्च, रविवार

काल बारकीला मालकांचा नवा कागद आला. आधीची नोटीस रद्द, कामावर हजर व्हावे. डॉक्टरांनी डाव्या हातानं हलकं काम करायला परवानगी दिलीय.

आज मी तिच्या घरी गेले. काय बोलायचं ते रस्त्यात पाठ केलं होतं. ती दारातच बसली होती, पट्ट्या बांधलेला हात मांडीवरच्या उशीवर ठेवून. मी बसले आणि पाठ केलेलं सगळं विसरले. नुसतं म्हणाले, "बारके, ती दांडी मी..."

"मला माहीत होतं, मावशी."

"कोणी सांगितलं? रेडिओनं?"

"कोणी नाही. त्या दिवशी मी लवकर आले होते. दारातून बघितलं तुम्हाला बांधताना."

मग आतून तिची आई बोलली. आई म्हणाली, मालक हॉस्पिटलात आले होते. म्हणाले होते, मुकादमबाईंचं नाव लिहून दे, तुझ्यावर काही येणार नाही, आजच परत घेतो. दोनदा आले होते. ही म्हणाली, मला काही दिसलं नाही.

मी बारकीला विचारलं, "का गं? तुझी नोकरी चालली होती."

"तुमचं नाव मी कसं सांगणार?" ती म्हणाली. "ते तुम्ही सांगायचं होतं. मी वाट बघत होते."

जवळजवळ चाळीस दिवस. भाजलेला हात घेऊन, नोटीस उशाशी ठेवून, माझ्याच ग्रुपमध्ये बसून, मी लोकांना फितूर ठरवत असताना. एका शब्दानं बोलली नाही. मी तिथंच रडले, तिच्या आईसमोर, मोठ्यानं. बारकी डाव्या हातानं माझी पाठ थोपटत होती आणि म्हणत होती, "अहो मावशी, शेजारी बघतायत."

उद्यापासून ती कामावर येते. दोघी एकाच टेबलावर, माझ्यासमोरचं टोक तिचं. तिचा एक हात आणि माझे दोन. तीन हातांत मोठ्या चादरीची घडी बसते का ते कोणी करून बघितलेलं नाही. बसेल. मुकादम मी आता नाही, पण ही पोरगी माझ्या विभागातली आहे.